कोल्हापुरात रविवारची कूपे: घेण्याआधी आणि घेतल्यावर

रविवारी पहाटे साडेपाचला गेट उघडायचे, पन्हाळ्याचा किंवा गगनबावड्याचा रस्ता धरायचा आणि नऊपर्यंत मिसळ खाऊन घरी परतायचे, एवढ्यासाठीच एक वेगळी गाडी बाळगणाऱ्यांपैकी मी एक आहे. गाडी कूपे प्रकारची, म्हणजे दोन दारांची, बसक्या छपराची, मागे नावापुरती दोन आसने असलेली. गेली सहा वर्षे ती माझ्याकडे आहे आणि या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न अर्थातच "किती पळती?" हा आहे. नवख्या माणसाने मात्र हा प्रश्न शेवटी विचारावा. अशी गाडी आठवड्यातले सहा दिवस उभी असते आणि एक दिवस, तोही तीन-चार तास, चालते. त्यामुळे ती सुखाची होणार की डोकेदुखीची, हे इंजिनाच्या ताकदीपेक्षा दारातला उतार, गाडी उभी करण्याची जागा आणि भरवशाचा मेकॅनिक यांवर जास्त ठरते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: स्वतःचे गेट मोजणे

आपल्याकडच्या बहुतेक घरांची रचना सारखीच असते. रस्ता, त्याला लागून गटार, गटारीवर फरशी आणि तिथून अंगणात चढणारा आखूड, उभा उतार. सेडान किंवा एसयूव्ही त्यावरून सहज चढते, म्हणून या उताराकडे कोणाचे लक्षच जात नाही. माझेही गेले नव्हते. गाडी घरी आणली त्या संध्याकाळी आई आरतीचे तबक घेऊन उभी होती, शेजारपाजारचे जमले होते आणि त्या सगळ्यांच्या साक्षीने बंपरची खालची कड फरशीवर घासून जो आवाज झाला, तो अजून कानात आहे.

ही वेळ टाळण्यासाठी एक टेप, एक दोरी आणि दहा मिनिटे पुरतात. पाहायला गेलेल्या गाडीचे पुढचे टायर जिथे जमिनीला टेकते, तिथून बंपरच्या सर्वांत खालच्या कडेपर्यंतचे आडवे अंतर मोजावे आणि त्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजावी. समजा अंतर ७० सेंटीमीटर आणि उंची १७ सेंटीमीटर आले, तर गाडी साधारण १४ अंशांपर्यंतचा चढ नाक न घासता घेऊ शकते. आता घरचा उतार मोजा. एक मीटर लांबीत २५ सेंटीमीटर चढ असेल तर तोही १४ अंशच भरतो, म्हणजे गाडी घासलीच म्हणून समजावे. नवखी माणसे इथे आणखी एक गोष्ट विसरतात. उताराच्या वरच्या टोकाला, जिथे चढ संपून अंगण सपाट होते, तिथे नाक सुटते पण पोट अडकते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर अडीच मीटर आणि पोटाखालची मोकळी उंची १२ सेंटीमीटर असेल, तर सुमारे ११ अंशांपेक्षा मोठा कोन त्या गाडीला झेपत नाही. हाच २५ सेंटीमीटरचा चढ दोन मीटर लांबीत केला की तो ७ अंशांवर येतो आणि दोन्ही अडचणी एकदम सुटतात. मी गवंड्याला बोलावले तेव्हा त्याने गाडीखाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, गाडी वर घेता येत न्हाई, मग दारच खाली घेऊ की." आम्ही अंगणाच्या आतल्या बाजूने फरशी फोडून उतार लांबवला. उतार बाहेर, रस्त्यावर वाढवण्याचा मोह अनेकांना होतो, पण ती जागा आपली नसते आणि तिथे अडखळून पडणारा दुचाकीस्वारही आपल्याच गल्लीतला असतो.

गेटनंतर घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट पाहावी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. असा गतिरोधक बसकी गाडीसुद्धा सावकाश पार करते. खरी अडचण गल्लीतल्या हौशी मंडळींनी एका रात्रीत घातलेल्या हातभर रुंदीच्या उंचवट्यांची असते. त्यावर गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवावे लागते आणि त्यासाठी रस्त्याची रुंदी लागते. म्हणून रोजच्या गाडीने एकदा ही वाट जाऊन उंचवटे मोजावेत आणि दोन वाटा असतील तर कमी उंचवट्यांची लांबची वाट ठरवून टाकावी. तीन मिनिटे जास्त लागली तरी बिघडत नाही.

दुसरी पायरी: गाडी निवडणे

आपल्या बाजारात अशा गाड्या मुख्यतः जुन्याच मिळतात. नवी घेणाऱ्याला या लेखाची गरज बहुधा नसावी. नावांची यादी छोटी आहे, पण स्वभाव वेगवेगळे आहेत. ऑडी टीटीच्या क्वाट्रो आवृत्तीत चारही चाकांना जोर मिळतो, त्यामुळे पावसाळी रस्त्यावर ती नवख्याला सांभाळून घेते. मात्र तिचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले. फोर्ड मस्टँग २०१६ पासून भारतात अधिकृतपणे आली, पाच लिटरचे आठ सिलिंडर इंजिन घेऊन. तिचा आवाज ऐकून माणूस विकत घेतो आणि तिची रुंदी अरुंद महाद्वार रोडला आठवते. २०२१ मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, त्यामुळे सुट्या भागांची चौकशी आधी करावी. पोर्शे केमनचे इंजिन आसनांच्या मागे, गाडीच्या मध्यावर असते, म्हणून सामानाला पुढे एक आणि मागे एक अशा दोन जागा मिळतात आणि वळणावर ती गाडी जागच्या जागी फिरल्यासारखी वाटते. बीएमडब्ल्यू झेड ४ ही खरे तर उघड्या छपराची गाडी. उसाच्या वाहतुकीच्या दिवसांत छप्पर उघडून हिंडणाऱ्याच्या डोक्यात किती धूळ जाते, हे त्यालाच विचारावे.

निवडताना एका सापळ्यापासून मात्र जपावे. दहा वर्षांची गाडी आणि फिरली फक्त १४ हजार किलोमीटर, अशी जाहिरात पाहून माणूस हुरळतो. उभ्या राहिलेल्या गाडीचे रबरी पाइप आणि सील वाळतात, टायर एका जागी चपटतात, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. त्याच वयाची, ४५ हजार चाललेली, दर वर्षी ऑइल बदलल्याच्या नोंदी असलेली गाडी मी डोळे झाकून आधी पाहीन. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसली तरी सहा वर्षांपलीकडचे टायर बदलायचेच, असे धरून किंमत ठरवावी. गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला इंजिन थंड ठेवायला सांगावे आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावे. बॉनेट गरम लागले तर त्याचे कारण विचारावे, कारण थंड इंजिनाची पहिली दहा सेकंदे जितके बोलतात तितके विक्रेता बोलत नाही.

आणि घरच्यांना आधी बसवून पाहावे. माझ्या आईला गुडघ्याचा त्रास आहे. ती एकदाच बसली, उतरताना मला आणि भावाला दोन्ही हात धरावे लागले आणि तिने तिथल्या तिथे निकाल दिला: "गाडी छान आहे रे, पण ही विहीर आहे."

तिसरी पायरी: कागद

बेळगाव हाकेच्या अंतरावर असल्यामुळे कर्नाटकातील नोंदणीची गाडी स्वस्तात मिळत असल्याचे आपल्याला नेहमी कानावर येते. दुसऱ्या राज्यातली गाडी घेताना तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आणि मालकी बदलासाठी नमुना २९ व ३० लागतात. कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना ३५ लागतो. गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ महाराष्ट्रात ठेवायची तर इथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला रस्ते कर भरावा लागतो. हा कर किमतीच्या टक्केवारीने असल्यामुळे महागड्या गाडीत स्वस्ताईचा फायदा तिथेच संपतो. म्हणून सौदा ठरवण्याआधी कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयात जाऊन त्या विशिष्ट गाडीचा कर काढून घ्यावा. एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूरच्याच नोंदणीची, गाडी थोडी महाग मिळाली तरी मला ती बरी वाटते.

मालकी बदलल्यावर विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो गाडीबरोबर येत नाही. पॉलिसीत घसारा न कापणारे कलम आणि इंजिन संरक्षणाचे कलम घ्यावे. दुसऱ्या कलमाचे कारण पुढे पंचगंगेच्या ओघात येईल. सायलेन्सर बदलून आवाज वाढवण्याचा विचार असेल तर तो इथेच सोडून द्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत असे फेरफार करता येत नाहीत, आणि पहाटे साडेपाचला गल्लीतले आजोबा कायद्याची वाट पाहत नाहीत.

चौथी पायरी: सहा दिवस उभी ठेवणे

कोल्हापूरकरांना हे नव्याने सांगायला नको. दसऱ्याला शाही घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सोहळ्याइतकीच नजर त्या गाडीवरही असते. वर्षातून क्वचित बाहेर पडणारे वाहन पिढ्यानपिढ्या चालते ठेवता येते, फक्त उभे असतानाही त्याची निगा राखावी लागते.

पहिली अडचण बॅटरीची. या गाड्यांतील अलार्म आणि संगणक बंद अवस्थेतही थोडी थोडी वीज पीत राहतात आणि दोन-तीन आठवड्यांत बॅटरी उतरते. पार्किंगमध्ये प्लग असेल तर बॅटरीची पातळी राखणारा स्वयंचलित चार्जर जोडून ठेवावा. दर दोन दिवसांनी पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करण्याची सवय मात्र घातक आहे. त्यात बॅटरी भरत नाही, इंजिन पुरते तापत नाही आणि इंधन जळताना तयार झालेले पाणी ऑइलमध्ये व सायलेन्सरमध्ये साचते. चालू करायची तर अर्धा तास फिरवून आणावी, नाहीतर हात लावू नये.

जागा सपाट असेल तर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये, स्वयंचलित असेल तर पार्कमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. पावसाळ्यात ओढून ठेवलेला ब्रेक डिस्कला चिकटतो. प्लॅस्टिकचे कव्हर जून ते सप्टेंबर अजिबात घालू नये, कारण आतली वाफ बाहेर पडत नाही आणि आसनांच्या चामड्यावर पंधरा दिवसांत बुरशी चढते. उंदीर हा वेगळाच विषय आहे. शेजारी उसाचे रान असेल तर तोडणीनंतर ते घर शोधत येतात आणि त्यांना वायरींवरचे आवरण फार आवडते. बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून पाहणे हाच मला सापडलेला खात्रीचा उपाय आहे.

पेट्रोलचेही थोडे समजून घ्यावे. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किती ऑक्टेनचे इंधन लागते ते छापलेले असते. युरोपीय टर्बो इंजिनांना, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या इंजिनांना, बहुधा किमान ९५ लागते आणि पंपावरचे साधे पेट्रोल अनेक वर्षे ९१ चे होते. कमी ऑक्टेनचे घातले तर गाडी बंद पडत नाही, ती स्वतःला जपण्यासाठी ताकद कमी करते, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच हरवते. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसाचे असले तरी हवेतला ओलावा ओढते आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांचे रबरी भाग त्या प्रमाणासाठी बनवलेले नाहीत. म्हणून महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी, जेणेकरून आत हवेला जागा उरत नाही, आणि इंधनाचे पाइप दर सर्व्हिसला तपासून घ्यावेत.

आता पंचगंगा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता आणि शहरातल्या अनेक सखल पेठांत पाणी शिरले होते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. माझा नियम साधा आहे: ३९ चा आकडा आला की गाडी उंचावरच्या नातेवाइकाकडे जाते, ४३ ची वाट पाहिली जात नाही. बसक्या गाडीची हवा ओढण्याची नळी खाली असते, त्यामुळे दुचाकी जाते तेवढ्या पाण्यातही हिचे इंजिन पाणी पिऊ शकते. पाण्यात उभी राहिलेली गाडी कधीही चालू करून पाहू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मघाचे इंजिन संरक्षण कलम यासाठीच घ्यायचे, पण पाण्यात बुडालेले इंजिन मुद्दाम चालू केल्याचे दिसले तर विमा कंपनी दाव्यावर वाद घालू शकते.

पाचवी पायरी: मेकॅनिक

शिवाजी उद्यमनगरात चाक सरळ करणारे, बुश बनवून देणारे, वेल्डिंगचा धागा दिसू न देणारे हात आहेत. या बाबतीत आपण पुण्या-मुंबईपेक्षा सुदैवी आहोत. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचे काम मात्र त्यासाठीचे संगणकीय साधन असलेल्या ठिकाणीच द्यावे, भले त्यासाठी पुण्यापर्यंत २३० किलोमीटर जावे लागो. त्या प्रवासासाठी सपाट पाटीचा ट्रक बोलवावा. पुढची चाके उचलून मागची फरपटत नेणारी क्रेन चारही चाकांना जोर असलेल्या गाडीचा गिअरबॉक्स संपवते. बंपरमध्ये फिरवून बसवायचा ओढ-हूक डिकीत आहे की नाही, हे गाडी घेतानाच पाहून ठेवावे. माझ्या गाडीतला आधीच्या मालकाकडेच राहिला होता आणि ते मला आंबा घाटात कळले.

ऑइल किलोमीटरवर न जाता वर्षातून एकदा बदलावे, ब्रेक ऑइल दोन वर्षांतून एकदा.

सहावी पायरी: चालवणे

पहिले तीन महिने गाडीतील घसरण-नियंत्रण बंद करायचे बटण कुठे आहे हे माहीत असावे, पण त्याला हात लावू नये. पायांत बूट असावेत. कापशी चपलेचा जाड तळ पेडलखाली अडकतो, आणि ही गोष्ट कोल्हापुरातच लिहावी लागते. गाडीचे वजन पुढून मागे, डावीकडून उजवीकडे कसे सरकते हे कमी वेगात शिकायचे असेल तर कार्टिंगसारखी शाळा नाही. राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेले मोहिते सर्किट आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे दोन सकाळी घालवलेला माणूस घाटात वेगळाच चालवतो.

पहिला रस्ता पन्हाळ्याचा घ्यावा. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ आणि तिथून वर, असे वीसेक किलोमीटर होतात. वळणे सरावाची आणि काही बिघडले तर घर जवळ. जोतिबाच्या यात्रेचे दिवस आणि खेटे, म्हणजे भाविकांच्या पायी वाऱ्यांचे रविवार, टाळावेत. रस्त्यावर भाविकांचा हक्क आधी आहे, आणि ओल्या बंपरवर बसलेला गुलाल घासून काढला तर रंगावर ओरखडे पडतात, तो भरपूर पाण्याने वाहूनच घालवावा.

वळणाचा नियम एकच लक्षात ठेवावा. ब्रेक वळणाच्या आधी सरळ रेषेत पूर्ण करायचा, वळताना पाय स्थिर ठेवायचा आणि बाहेर पडायची वाट दिसू लागली की मगच हलके हलके जोर द्यायचा. मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत वळणाच्या मधोमध घाबरून एक्सलरेटर एकदम सोडला तर वजन पुढे जाते, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट बाहेर येते. म्हणून आत जातानाचा वेग मनाला वाटतो त्याहून थोडा कमी ठेवावा. आपली बाजू कधीही सोडू नये, कारण समोरून वळण कापत येणारी बस आपली रेषा पाहत नाही. उतरताना खालचा गिअर ठेवून इंजिनाने वेग धरावा. करूळ घाट ब्रेकवर उतरलेल्या गाडीचा वास वैभववाडीपर्यंत येतो. चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी.

गगनबावड्याचा रस्ता सुंदर आहे, पण तो ऑक्टोबर ते मेचा. पावसाळ्यात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येते आणि वर धुके इतके उतरते की बॉनेटची कडही दिसत नाही. राधानगरी-दाजीपूरच्या रस्त्यावर पहाटे गवा उभा असू शकतो. त्याच्या पायांना धडकलेल्या बसक्या गाडीत त्याचे धड थेट काचेवर येते, तेव्हा तिथे उजाडल्याशिवाय जाऊच नये. आणि गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, रात्री चालवणे मी पूर्ण सोडले आहे. मागे दिवा नसलेली दोन ट्रॉल्यांची उसाची गाडी अंधारात अंधारासारखीच दिसते, आणि सांडलेल्या उसावरून गेलेली रुंद टायरची गाडी ब्रेक मारूनही थांबत नाही.

महामार्गावर जाऊन वेग पाहण्याची हौस प्रत्येकाला येते. चार पदरी दुभाजकाच्या रस्त्यावर केंद्राची कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि सातारा-कागल सहापदरीकरणामुळे वळवलेले रस्ते कुठे सुरू होतील ते सांगता येत नाही. माझ्या अनुभवात या गाडीची खरी मजा साठच्या वेगात, तिसऱ्या गिअरमध्ये, वाघबीळच्या वरच्या वळणांवरच येते.

परतल्यावर

शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवावेत म्हणजे टर्बो थंड होतो. दारात आल्यावर टायरच्या आतल्या कडांवरून हात फिरवून खिळा किंवा फुगवटा आहे का ते पाहावे. डिक्कीत स्टेपनी नसलेल्या गाड्यांना हे विशेष लागू आहे, कारण हवा गेल्यावर चालणारे टायरही ताशी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटरच नेतात. ब्रेक तापलेले असताना चाकांवर पाणी मारू नये. चहा होईपर्यंत गाडी तशीच निवू द्यावी, किलोमीटरचा आकडा आणि तारीख वहीत लिहावी, चार्जर जोडावा आणि मग सुती कव्हर घालावे.